गाडी गॅसवर, लक्ष पेट्रोलवर

गाडी गॅसवर केली की पेट्रोलच्या काट्याकडे बघायची सवय पहिल्या महिन्यातच सुटते. काटा लाल रेषेला टेकतो, पिवळा दिवा कायमचा लागून राहतो आणि त्याचं काही वाटेनासं होतं. मग एखाद्या पावसाळी संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या चढावर गॅस संपतो, किट बीप वाजवून गाडी पेट्रोलवर घ्यायला जातं, आणि टाकीत पेट्रोल नसतं. किंवा असतं ते गेल्या दिवाळीचं. पेट्रोल-एलपीजी गाड्यांच्या ज्या तक्रारी कानावर येतात, सकाळी चालू होत नाही, बंद पडते, धक्के मारते, त्यांतल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ गॅसच्या किटमध्ये नसतंच. ते या विसरलेल्या पेट्रोलमध्ये असतं. म्हणून गॅसच्या गाडीबद्दल लिहिताना सुरुवात पेट्रोलपासून करतो.

आधी उपनगरातली परिस्थिती. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथे गॅसची गाडी म्हटलं की समोरचा सीएनजीच धरून चालतो, आणि त्यात त्याचं चुकत नाही. महानगर गॅसची स्थापना १९९५ सालची. पुढे स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम या संस्थेने १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, तिच्यातून जुन्या टॅक्सी-रिक्षांना स्वच्छ इंधनावर आणण्याचे आदेश निघाले आणि बहुतेकांनी सीएनजीची वाट धरली. तो गॅस पाइपातून येतो, त्याचं जाळं शहरभर पसरलं. एलपीजी मात्र टँकरने पंपावर आणावा लागतो. केंद्र सरकारने २००० च्या सुमारास गाडीत एलपीजी वापरायला कायदेशीर वाट करून दिली, मारुतीने २००६ साली वॅगन-आर ड्युओ आणली, आणि काही वर्षं हा पर्याय जोरात होता. आज शोरूममध्ये गॅसची नवी गाडी मागाल तर सीएनजीच पुढे करतील. एलपीजीच्या गाड्या आहेत त्या जुन्या ड्युओसारख्या, नाहीतर बाहेरून किट बसवलेल्या. हा लेख प्रामुख्याने त्यांच्या मालकांसाठी आहे. यातल्या पुष्कळ गोष्टी सीएनजीवाल्यांनाही लागू पडतील.

पंप कमी असणं हीच या गाडीची मुंबईतली खरी अडचण. त्यामुळे किट घेण्याआधी किंवा जुनी गाडी घेण्याआधी आपल्या रोजच्या रस्त्यावरचा एलपीजी पंप स्वतः जाऊन बघा. नकाशावर पंप दिसतो, फलकही असतो, पण यंत्रावर ‘बंद’चा पुठ्ठा लटकलेला असतो, असं होतं. दोनदा वेगवेगळ्या वेळी जा आणि तिथल्या माणसाला गॅसचा टँकर किती दिवसांनी येतो ते विचारा. मुलुंडकरांसाठी ठाण्याकडचा पंपही हिशेबात धरण्यासारखा आहे, कारण ऑक्टोबर २०२४ पासून मुलुंडच्या नाक्यावर हलक्या वाहनांना टोल नाही. गॅसचे वाचवलेले पैसे टोलमध्ये घालवण्याची वेळ आता येत नाही, एवढं तरी झालं.

सीएनजीचं जाळं दाट असूनही गाफील राहून चालत नाही, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्या मुंबईने पाहिलं. ट्रॉम्बेला आरसीएफच्या आवारात गेलची मुख्य वाहिनी दुखावली, वडाळ्याच्या केंद्राकडे येणारा गॅस आटला, आणि १७ तारखेच्या सोमवारी रिक्षा-टॅक्सी पंपांबाहेर ताटकळत उभ्या होत्या. ज्याच्या टाकीत पेट्रोल होतं आणि पेट्रोलची बाजू ठणठणीत होती, त्याने बटण दाबलं आणि तो कामाला गेला.

पेट्रोलची बाजू

तर पेट्रोल किती ठेवायचं? पाव टाकी, त्याखाली नाही. याची कारणं दोन. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बुडालेला असतो आणि आजूबाजूच्या पेट्रोलमुळेच तो थंड राहतो. अनेक किट्समध्ये गाडी गॅसवर असतानाही हा पंप फिरतच असतो. टाकी कोरडी म्हणजे पंप तापत राहतो आणि एक दिवस बसतो. नव्या पंपाचं बिल हातात आलं की काही महिन्यांची गॅसची बचत एका फटक्यात गेलेली असते.

दुसरं कारण इथेनॉल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. मुंबईच्या दमट हवेत, जवळपास रिकाम्या टाकीत, महिनोन् महिने पडून राहिलेलं पेट्रोल ही त्याला आयतीच संधी. ओलावा प्रमाणाबाहेर गेला तर पाणी आणि इथेनॉलचा थर तळाशी बसतो, आणि पंप उपसतो तळातूनच. जुन्या ड्युओसारख्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वायसर तर अशा पेट्रोलसाठी बनलेलेच नव्हते. म्हणून पेट्रोल साठवू नका, खेळतं ठेवा. एकदम टाकी भरून विसरून जाण्यापेक्षा थोडं थोडं भरा आणि वापरा. आठवड्यातून एकदा तरी पंधरा-वीस मिनिटं गाडी मुद्दाम पेट्रोलवर चालवा. घराभोवतीच्या गल्लीत न फिरवता हायवेवर, थोड्या वेगात चालवलेली बरी. पेट्रोलचे इंजेक्टर वापरात राहिले की त्यांत चिकटा धरत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगणारे कमी भेटतात. आजच्या सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचा स्वतःचा छोटा संगणक असतो, पण इंधन किती सोडायचं हे ठरवतो गाडीचा मूळ संगणकच. सायलेन्सरकडच्या ऑक्सिजन सेन्सरवरून तो सतत शिकत असतो. गॅसचं ट्यूनिंग बिघडलेलं असेल तर ते सांभाळून घ्यायला तो हळूहळू आपलं मोजमाप बदलतो, आणि बदललेलं मोजमाप पेट्रोललाही लावतो. परिणाम असा की गॅसवर गाडी बरी चालते, सकाळी पेट्रोलवर चालू करताना मात्र खोकते. मालक म्हणतो, पेट्रोल खराब. मेकॅनिक इंजेक्टर साफ करतो. दोष असतो गॅसच्या ट्यूनिंगमध्ये. अशा वेळी लॅपटॉप जोडून ट्यूनिंग करणाऱ्या गॅसवाल्याकडे जायचं, आणि त्याला गाडी रस्त्यावर पळवून बघायला लावायचं. उभ्या गाडीवर केलेलं ट्यूनिंग अर्धवटच.

गाडी काहीही त्रास देऊ लागली की आधी बटण दाबून दुसऱ्या इंधनावर घेऊन बघा. दोन्हींवर तोच त्रास असेल तर प्लग, कॉइल, एअर फिल्टर, बॅटरी असल्या सामायिक गोष्टी बघायच्या. फक्त गॅसवर त्रास असेल तर किट. फक्त पेट्रोलवर असेल तर पंप, पेट्रोल फिल्टर, इंजेक्टर किंवा वर सांगितलेली ट्यूनिंगची भानगड. एवढं सांगून गाडी सोडली तर मेकॅनिक अंधारात चाचपडत नाही आणि तुम्हीही नको ते पार्ट बदलून घेत नाही.

चालू करणं, बदलणं

गाडी पेट्रोलवर चालू होते, हा नियम. टाकीत एलपीजी द्रव असतो; इंजिनापाशी रेड्यूसरमध्ये त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला उष्णता लागते. ती मिळते इंजिनाच्या कूलंटमधून. म्हणून कूलंट थोडं तापेपर्यंत सिक्वेन्शियल किट पेट्रोलवरच राहतं आणि मग आपोआप गॅसवर जातं. घाई करून उपयोग नाही. काही किट्समध्ये गाडी थेट गॅसवर चालू करायची सोय असते, ती पेट्रोलचा पंप गेल्यावर गॅरेजपर्यंत पोचायला. ती रोज वापरायची सोय नाही.

यातून एक हिशेब निघतो आणि तो किट विकणारा सांगत नाही. तुमचं घर मुलुंडला आणि गाडी फक्त स्टेशनपर्यंत सोडायला-आणायला काढत असाल, तर इंजिन तापेपर्यंत प्रवासच संपतो. अशी गाडी नावाला गॅसची, प्रत्यक्षात पेट्रोलची. बोरिवलीहून अंधेरीला रोज हायवेने जाणाऱ्याला मात्र गॅसचा पुरेपूर फायदा मिळतो.

कार्ब्युरेटरची जुनी गाडी असेल तर पद्धत निराळी. तिथे बटणाला तीन जागा असतात. गाडी पेट्रोलवर तापवायची, मग बटण मधल्या जागेवर आणायचं, कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल जळू द्यायचं आणि गाडी किंचित अडखळली की गॅसवर टाकायचं. तसं न करता सरळ गॅसवर टाकलं तर दोन्ही इंधनं एकदम जातात आणि गाडी गुदमरते. घर जवळ आलं की शेवटचा एखादा किलोमीटर पेट्रोलवर घ्यायचा, म्हणजे कार्ब्युरेटर भरलेला राहतो आणि सकाळी सेल्फ मारत बसावं लागत नाही. मधल्या जागेचं काम भर ट्रॅफिकमध्ये करू नका. साकीनाक्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली तर मागचे काय म्हणतील ते इथे छापता येणार नाही.

गॅसवर पिकअप थोडा कमी लागतो. एलपीजीत हा फरक सीएनजीइतका जाणवत नाही, पण चार माणसं आणि एसी असताना घोडबंदरच्या गायमुख घाटात कळतो. तिथे गिअर एक खाली ठेवा, इंजिन रडवू नका. ओव्हरटेक करण्याच्या बेतात असताना गॅस संपून गाडी पेट्रोलवर गेली तर क्षणभर ताकद हलते. म्हणून गॅस संपत आला असेल तर बटण आपणच आधी दाबावं. बटणावरचे ते चार हिरवे दिवे ढोबळ असतात, चढ-उतारावर नाचतात. त्यांच्यापेक्षा ट्रिपमीटर भरवशाचा: गॅस भरला की शून्य करा, एका भरण्यात गाडी किती जाते ते दोन-तीन वेळा पाहिलं की आकडा पक्का होतो.

पंपावर

इंजिन बंद, हॅण्डब्रेक ओढलेला, सगळे खाली उतरलेले. पंपावरचा माणूस नोझल बसवून खटका लावतो, आकडे लिटरमध्ये पळतात. सीएनजी किलोने मिळतो, एलपीजी लिटरने, कारण तो टाकीत द्रवरूपातच असतो. भरून झाल्यावर नोझल काढताना फस्स असा आवाज होतो आणि तोंडाशी पांढरी वाफ दिसते. नोझल आणि झडप यांच्या मध्ये अडकलेला तो थोडासा गॅस असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण आवाज थांबला नाही, तर गाडी चालू न करता त्या माणसाला लगेच सांगा. झडपेचं रबर गेलेलं असतं.

इथे एक आकडा पाठ असू द्या: ८० टक्के. एलपीजीची टाकी कधीही पूर्ण भरत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात द्रव फुगतो, त्याला जागा लागते. टाकीच्या तोंडाशी असलेल्या मल्टीवाल्व्हमधला तरंगता गोळा ८० टक्क्यांवर भरणं थांबवतो. म्हणजे ४० लिटरच्या टाकीत जास्तीत जास्त ३२ लिटर. पावती ३६ लिटर दाखवत असेल तर दोनच शक्यता: मीटर खोटं बोलतंय, किंवा तरंगता गोळा अडकलाय. पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात धोका आहे. तशी गाडी उन्हात उभी करू नका, लगेच थोडी चालवून गॅस खाली आणा आणि मल्टीवाल्व्ह तपासून घ्या. ‘साहेब, अजून दोन लिटर बसतील’ असं कुणी म्हणत असेल तर नको म्हणा.

परवडतं का? एका लिटर एलपीजीत पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे त्याच अंतराला साधारण पाचव्या हिश्श्याने जास्त लिटर लागतात. समजा पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी लिटरला १४ किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला साधारण ७ रुपये ४३ पैसे. समजा एलपीजी ६० रुपये आणि गाडी साडेअकरा किलोमीटर जाते, म्हणजे ५ रुपये २२ पैसे. वाचले सव्वादोनच्या आसपास. किटला ३० हजार घातले असतील तर ते साडेतेरा हजार किलोमीटरनंतर फिटतील. महिन्याला सहाशे किलोमीटर फिरणाऱ्याला त्याला जवळजवळ दोन वर्षं लागतात, आणि यात रोज सकाळी जळणारं पेट्रोल धरलेलंच नाही. आपल्या पंपावरचे त्या दिवसाचे भाव घालून हे गणित कागदावर करा. महिन्याला पाचशेच्या आत फिरत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: किटच्या फंदात पडू नका.

जड गॅस, तळघर आणि पाणी

मुंबईच्या पुष्कळ घरांत आता पाइपातला गॅस आहे. तो आणि सीएनजी एकच, हवेपेक्षा हलका. गळला तर वर जाऊन पांगतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, साधारण दीडपट ते दुप्पट. तो गळला तर जमिनीसरशी पसरतो आणि खोलगट जागेत साचून राहतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या पुढे गेलं की पेट घेण्याइतकं मिश्रण तयार होतं. जुन्या चाळीच्या अंगणात किंवा रस्त्याकडेला गाडी लागायची तेव्हा ही बाब फारशी आड येत नसे. आता पुनर्विकासाच्या इमारतींत गाड्या तळघरात, नाहीतर खड्ड्यात उतरणाऱ्या लिफ्टच्या पार्किंगमध्ये जातात. एलपीजीची गाडी असेल तर सोसायटीकडे पोडियमवरची किंवा उघड्यावरची जागा मागा. कारण सांगा, लपवू नका. मॉलच्या तळघराबाहेर गॅसच्या गाड्यांना मनाईची पाटी असेल तर तिचा मान ठेवा.

गावाला जाणार, गाडी आठवडाभर उभी राहणार, तर टाकीवरचा हाताने फिरवायचा कॉक बंद करून जा. तो कुठे आहे हे आज डिकी उघडून बघून ठेवा, आणि घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवा. पुष्कळांना तो माहीतच नसतो.

एलपीजीला मुळात वास नसतो. सडक्या कोबीसारखा तो उग्र दर्प मुद्दाम मिसळलेला असतो. गाडीत तो आला तर इंजिन बंद करा, दारं आणि डिकी उघडा, सगळ्यांना खाली उतरवा, टाकीचा कॉक बंद करा. आतला दिवा, पंखा, सेंट्रल लॉक कशालाच हात लावू नका. तळघरात असाल तर पुन्हा सेल्फ मारू नका. गॅस पांगेपर्यंत लांब थांबा, वॉचमनला सांगून तिथे कुणी गाडी चालू करणार नाही एवढं बघा, आणि १०१ ला फोन करा. फोन मात्र बाहेर उघड्यावर येऊन. गळती कुठे आहे ते साबणाच्या पाण्याच्या बुडबुड्यांवरून कळतं. काडी ओढून बघणारे महाभाग अजूनही आहेत.

पावसाचं पाणी हा उपनगराचा हक्काचा विषय. अंधेरी सबवे आणि मिलन सबवे तुंबले की काय होतं ते इथे नव्याने सांगायला नको. एलपीजीच्या गोल टाक्या बहुधा स्टेपनीच्या खोलगट जागेत बसवलेल्या असतात, म्हणजे गाडीच्या सगळ्यात खालच्या भागात. तिथे पाणी साचलं की टाकीला गंज चढतो आणि मल्टीवाल्व्हच्या वायरींचे जोड हिरवे पडतात. डिकीचा गालिचा महिन्यातून एकदा उचलून हाताने चाचपून बघा. गाडी चाकाच्या निम्म्यावर पाण्यातून आली असेल, तर किट तपासेपर्यंत पेट्रोलवर चालवा. गॅसचा संगणक आणि रेल बॉनेटखाली असतात आणि ओल्या जोडामुळे गाडी भलत्याच ठिकाणी बंद पडते. इथेही पेट्रोलची बाजू धड असेल तरच सुटका. आणि स्टेपनी? तिची जागा टाकीने घेतली, मग ती घरी बाल्कनीत पडून राहते. लांब जाताना ती डिकीत घ्या, नाहीतर पंक्चरचं किट आणि हवेचा छोटा पंप जवळ ठेवा.

घरगुती सिलिंडर गाडीत लावणं किंवा त्यातून मोटरने गॅस गाडीच्या टाकीत ओतणं, याबद्दल फार लिहीत नाही. तो अत्यावश्यक वस्तू कायद्याखालचा गुन्हा आहे. त्या सिलिंडरला ८० टक्क्यांवर थांबवणारी झडप नसते, गाडीचा धक्का सोसायची रचना नसते, आणि गल्लीत ओतताना सांडलेला गॅस जमिनीवरच पसरतो. शाळेच्या व्हॅनमध्ये असा सिलिंडर दिसला तर मुलाला त्या व्हॅनमधून उतरवा आणि शाळेला कळवा.

देखभाल

कूलंट आठवड्याला बघा. पेट्रोलच्या गाडीत कूलंट कमी झालं तर इंजिन तापतं. गॅसच्या गाडीत त्याआधी रेड्यूसर गारठतो, त्यावर दंव धरतं आणि गाडी दम तोडते. रेड्यूसरमध्ये गॅसमधला जड, काळपट तेलकट अंश साचतो. खाली बोल्ट असेल तर इंजिन कोमट असताना तो सोडून हे तेल काढतात. सर्व्हिसिंगला आठवणीने सांगा. गॅस फिल्टर किटच्या पुस्तिकेतल्या अंतरावर बदला. तो स्वस्त आहे, त्याच्यामागचे गॅस इंजेक्टर नाहीत. प्लग पेट्रोलच्या गाडीपेक्षा लवकर बदला, आणि गॅप किटवाल्याने सांगितल्याप्रमाणे ठेवा. गॅस पेटवायला ठिणगी दमदार लागते, आणि जुन्या मिक्सरच्या किटमध्ये ठिणगी चुकली की बॅकफायर होऊन एअर फिल्टरचा डबाच फुटतो. गॅसमध्ये पेट्रोलसारखा द्रवाचा ओलावा नसल्याने वाल्वच्या बैठका हळूहळू झिजतात. टॅपेटचा गॅप वेळच्या वेळी बघून घेतला की इंजिन पुष्कळ वर्षं टिकतं. दीर्घकाळ भन्नाट वेगाने गॅसवर चालवणाऱ्यांना हा त्रास लवकर होतो. आपल्या हायवेची गर्दी त्यापासून आपलं रक्षण करते.

कागद

किट बसवणं म्हणजे गाडीत बदल करणं, आणि त्याची नोंद आरसीवर हवीच. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवायला २०२२ साली परवानगी मिळाली, पण प्रत्येक किट प्रत्येक गाडीला चालत नाही. किटला त्या मॉडेलसाठी मंजुरी हवी. ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था देतात. टाकीला नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची मान्यता लागते. बसवणाऱ्याकडून ही दोन्ही प्रमाणपत्रं आणि पक्कं बिल घ्या, आणि चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवा. अंधेरीवाल्यांना एमएच ०२, बोरिवलीवाल्यांना एमएच ४७. घाटकोपर-मुलुंडवाल्यांना वडाळ्याचं एमएच ०३. टाकीवरच्या पट्टीवर क्रमांक आणि चाचणीची तारीख असते. ती मुदत संपली की टाकी उतरवून पुन्हा चाचणी करून घ्यायची; सीएनजीच्या टाकीला ही मुदत तीन वर्षांची.

विमा कंपनीला कळवा. पूर्वापार हिशेब असा की किटच्या किमतीच्या चार टक्के गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात वाढतात, आणि तृतीय पक्षाच्या हप्त्यात ६० रुपये. ३० हजारांच्या किटला बाराशे साठ, वर कर. एवढे वाचवायला किट लपवलं आणि उद्या गाडी पेटली, तर दावा नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. पीयूसी काढतानाही आरसीवर जे इंधन आहे तेच पीयूसीवर पडलं आहे ना, ते तिथेच वाचून घ्या.

जुनी एलपीजीची गाडी विकत घेणार असाल तर सकाळी, थंड इंजिनावर, पेट्रोलवर चालू करून बघायचा आग्रह धरा. विकणारा ‘ही गॅसवरच चालते, पेट्रोलची गरजच पडत नाही’ असं कौतुकाने सांगू लागला, तर पेट्रोलचा पंप किंवा इंजेक्टर गेलेले आहेत असं समजून भाव करा. मग टाकीवरचा क्रमांक आरसी आणि प्रमाणपत्राशी ताडून बघा. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेल्या गाडीचं पुनर्नोंदणीचं काम पुढ्यात असतं, तेव्हा टाकीची चाचणी आधी करून घ्या. मुदत संपलेल्या टाकीसह गाडी तपासणीला नेली तर रांग पुन्हा पहिल्यापासून. आणि कंटाळून किट काढून टाकायचं ठरवलंत तर टाकी भंगारवाल्याला भरलेली देऊ नका. गॅसवाल्याकडून ती रिकामी करून घ्या, काढल्याचा दाखला घ्या, आणि आरसीवरची एलपीजीची नोंद तेवढ्याच तत्परतेने उतरवून घ्या. ती राहिली तर पुढच्या पीयूसीला तुमच्या पेट्रोलच्या गाडीची गॅसची टाकी कुठे आहे, असं विचारतील.